व्हँकूव्हर एरिया नेटवर्क ऑफ ड्रग युझर्स

व्हँकूव्हर एरिया नेटवर्क ऑफ ड्रग युझर्स (संक्षेप: व्हँडू) ही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर शहरात कार्यरत असलेली, अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या व पूर्वी केलेल्या व्यक्तींनी स्वतःच चालविलेली संघटना आहे. व्यसन सुटो वा न सुटो, त्यापायी होणारे मृत्यू व रोगसंसर्ग टाळले पाहिजेत, या हानी-न्यूनीकरणाच्या विचारावर तिचे कार्य आधारलेले आहे.

स्थापना

१९९० च्या दशकात शहरातील डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे एचआयव्हीचा संसर्गही वेगाने पसरला. १९९७ मध्ये मृतांच्या स्मरणार्थ ओपनहायमर उद्यानात एक हजार क्रूस उभारण्यात आले. त्याच वर्षी स्थानिक आरोग्य मंडळाने सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. सुया बदलून देण्याची सोय शहरात आधीपासून होती, परंतु ती अपुरी ठरली. कवी बड ऑस्बर्न व कार्यकर्त्या अ‍ॅन लिव्हिंग्स्टन यांच्या पुढाकाराने वस्तीत बैठका सुरू झाल्या व त्यांतून १९९८ मध्ये संघटना आकाराला आली.

कार्य

अटकेच्या भीतीने अनेक जण गल्लीबोळांत एकट्याने इंजेक्शन घेतात. अशा वेळी श्वास मंदावल्यास मदतीला कोणी नसते. संघटनेचे सदस्य याच गल्ल्यांतून फिरून निर्जंतुक सुया देतात, वापरलेल्या सुया गोळा करतात आणि बेशुद्ध पडलेल्यांना प्रथमोपचार करतात. कृत्रिम श्वासोच्छ्वास व अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरविणारे नॅलॉक्सोन हे औषध यांचा त्यासाठी उपयोग होतो. सेवा देणारा आपल्यातलाच असल्याने सरकारी यंत्रणेपासून दूर राहणारेही त्याच्यावर विश्वास ठेवतात.

इनसाइट

देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याचे केंद्र असावे, ही संघटनेची प्रमुख मागणी होती. २००३ मध्ये सदस्यांनी कॅरल रस्त्यावर विनापरवाना असे केंद्र चालविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'इनसाइट' हे उत्तर अमेरिकेतील पहिले अधिकृत केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांमुळे व्यसनास उत्तेजन मिळते, असा विरोधकांचा आक्षेप होता. संघीय सरकारने कायद्यातील सवलत पुढे चालू ठेवण्यास नकार दिल्याने वाद न्यायालयात गेला. त्यात व्हँडूही पक्षकार होती. ३० सप्टेंबर २०११ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. सवलत नाकारल्याने केंद्रात येणाऱ्यांच्या जीविताच्या व सुरक्षिततेच्या हक्कावर घाला येतो, असे न्यायालयाने म्हटले.