खुर्चीशेजारची तिसरी व्यक्ती : दंतोपचारातील संमती आणि गोपनीयता

दातांवरील उपचारांत रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, आपल्यावर काय चालले आहे हे त्याला कळत असते, आणि तरीही त्याविषयी बोलायचे तर तोंडच उपचार करणाऱ्याच्या ताब्यात असते. या एका वस्तुस्थितीमुळे दंतवैद्यकात संमती आणि गोपनीयता या दोन्ही तत्त्वांना वैद्यकाच्या इतर शाखांहून वेगळे वळण लागले. संमती म्हणजे उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि उपलब्ध पर्याय समजून घेऊन रुग्णाने स्वेच्छेने दिलेली व केव्हाही मागे घेता येणारी परवानगी. गोपनीयता म्हणजे उपचाराच्या निमित्ताने कळलेली कोणतीही गोष्ट रुग्णाच्या इच्छेविना वा कायद्याच्या आज्ञेविना बाहेर न जाऊ देण्याचे बंधन. या दोहोंचा इतिहास आजवर प्रामुख्याने वैद्य, रुग्ण आणि न्यायालय यांच्याभोवती लिहिला गेला. खुर्चीशेजारी उभी राहून हत्यारे हाती देणारी, दातांची नोंद उतरवून घेणारी आणि पुष्कळदा दारातल्या टेबलावर भेटीची वेळही ठरवून देणारी दंतपरिचारिका त्या इतिहासात जवळजवळ दिसतच नाही. वास्तविक तिला त्या खोलीत आणले गेले ते बऱ्याच अंशी रुग्णाच्या विश्वासाची हमी म्हणून. मात्र त्या विश्वासाची जबाबदारी तिच्या स्वतःच्या नावावर मांडायला कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

इंग्रजी कायद्यात संमतीचा प्रश्न लवकर उपस्थित झाला. १७६७ साली लंडनमधील बेकर नावाचा शल्यवैद्य आणि स्टेपलटन नावाचा औषधविक्रेता यांच्याविरुद्ध स्लेटर या रुग्णाने दावा लावला. त्याच्या पायाचे मोडलेले हाड जुळत आलेले असताना, एका नव्या उपकरणाने पाय सरळ करता येईल या कल्पनेने, या दोघांनी ते त्याला न विचारता पुन्हा मोडले होते. रुग्णाची संमती घेणे हा शल्यवैद्यांचा स्वतःचाच रूढ आचार आहे, कारण काय होणार हे कळल्यावाचून रुग्णाला धीर बांधता येत नाही, असे न्यायालयाने मानले आणि ५०० पौंडांची भरपाई कायम केली. गोपनीयतेच्या बाबतीत मात्र न्यायालय वैद्याच्या बाजूने उभे राहिले नाही. किंग्स्टनच्या डचेसवर द्विविवाहाचा, म्हणजे पहिला पती हयात असताना दुसरा विवाह केल्याचा, खटला १७७६ मध्ये चालला, तेव्हा तिच्या पहिल्या विवाहाविषयी खाजगीत कळलेले सांगायला सीझर हॉकिन्स हा शल्यवैद्य कचरत होता. आपणहून गुपित फोडणे हा मानभंग ठरेल, पण न्यायालयाने विचारल्यावर उत्तर देणे तसे ठरणार नाही, असा निर्वाळा लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. या दोन्ही निर्णयांत वैद्य हा स्वतःच्या प्रतिष्ठेला जपणारा सद्गृहस्थ म्हणून गृहीत धरलेला आहे; त्याच्या हाताखालच्या माणसाला प्रतिष्ठा असते, आणि म्हणून बंधनही असते, हा विचार त्या काळाच्या कक्षेत नव्हता.

दंतवैद्यकाला तिसऱ्या व्यक्तीची निकड भासली ती भूल देण्याच्या शोधामुळे. होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे नायट्रस ऑक्साइड वायूचा प्रयोग केला, दोन वर्षांनी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले, आणि त्याच १८४६ च्या डिसेंबरात जेम्स रॉबिन्सन यांनी लंडनमध्ये ईथर देऊन दाढ काढली. वेदना गेली, पण तिच्याबरोबर रुग्णाची शुद्धही गेली, आणि बंद खोलीत एका पुरुषासमोर बेशुद्ध पडलेल्या स्त्रीचा प्रश्न समाजापुढे उभा राहिला. १८५४ साली फिलाडेल्फियातील एका दंतवैद्याला, ईथरच्या अमलाखाली असताना त्याने अत्याचार केला अशा रुग्ण स्त्रीच्या साक्षीवरून, शिक्षा झाली. ईथरमुळे भास होतात असा व्यवसायातून मोठा गवगवा झाला आणि पुढे त्याला माफी मिळाली. त्या खोलीत खरे काय घडले हे ठरवायला तिसरे कोणी तेथे नव्हते, हाच या प्रकरणातला कळीचा मुद्दा होता. भूल देताना दुसरी जबाबदार व्यक्ती हजर असावी हा दंतवैद्यकातील दंडक अशा प्रकरणांतून रुजला, आणि तो रुजण्यामागे रुग्णाच्या संरक्षणाइतकीच दंतवैद्याच्या बचावाची चिंता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ही तिसरी व्यक्ती पगारी आणि कायमची झाली ती न्यू ऑर्लीन्समध्ये. एडमंड केल्स या तेथील दंतवैद्याने १८८५ च्या सुमारास एका स्त्रीला सहायक म्हणून नेमले आणि आपल्याकडे स्त्री हजर असते ही गोष्ट पाटी लावून जाहीर केली. तोवर प्रतिष्ठित घरातील स्त्रीला दातांसाठी जायचे तर पती वा कोणी वडीलधारे सोबत न्यावे लागे. सहायिकेच्या उपस्थितीमुळे ती एकटी येऊ लागली, आणि ही पद्धत इतरांनीही उचलली. दंतपरिचारिकेच्या व्यवसायाचा आरंभ बहुधा येथून सांगितला जातो, आणि तो सांगताना हत्यारे उकळणे, भरण कालवणे, प्रकाश धरणे या कामांची यादी दिली जाते. परंतु त्या पाटीने रुग्णाला जे आश्वासन दिले होते ते कौशल्याचे नव्हते. एकट्या आलेल्या स्त्रीला आता स्वतःच्या तोंडाविषयी स्वतः हो किंवा नाही म्हणता येत होते, सोबत आलेल्या पुरुषाने तिच्या वतीने बोलण्याची गरज उरली नव्हती, आणि तिच्या दातांची अवस्था घरच्यांपासूनही झाकून ठेवता येत होती. संमतीच्या इतिहासात या पाटीला न्यायालयीन निकालाइतकेच मोल द्यायला हवे.

झाकून ठेवण्याची गरज किती खोल होती याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जबड्याचे आहे. १८९३ च्या उन्हाळ्यात ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टाळ्यात गाठ आढळली. देश आर्थिक संकटात होता, चांदीच्या नाण्यांवरून राजकारण पेटले होते, आणि राष्ट्राध्यक्षांच्या आजाराची वार्ता फुटली तर बाजार कोसळेल अशी भीती होती. म्हणून १ जुलै रोजी ‘ओनायडा’ या खाजगी नौकेवर, समुद्रसफरीचे निमित्त करून, शस्त्रक्रिया झाली आणि वरच्या जबड्याचा डावा भाग काढून टाकण्यात आला. कॅसन गिब्सन या दंतवैद्याने रबराचा कृत्रिम भाग इतका नेटका बसवला की भाषणातही फरक जाणवेना. नायट्रस ऑक्साइड देण्यात निष्णात असलेले फर्डिनंड हॅसब्रूक हे दंतवैद्य नौकेवर होते, आणि बातमी फुटली ती त्यांच्याकडून. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेला पोहोचायला उशीर झाला म्हणून त्यांनी तेथील सहकाऱ्याला कारण सांगितले, तेथून ते ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराच्या कानावर गेले, आणि २९ ऑगस्टला फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात सविस्तर वृत्तांत छापून आला. सरकारने इन्कार केला आणि पत्रकाराला खोटारडा ठरवण्यात आले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या विल्यम कीन यांनी १९१७ मध्ये लेख लिहून ती हकिकत खरी असल्याचे सांगेपर्यंत एडवर्ड्स यांना तो कलंक वाहावा लागला. या घटनेत लक्षणीय आहे ती गुपित फुटण्याची साधी रीत. हॅसब्रूक यांनी गुपित विकले नाही, वैराने सांगितले नाही. उशिराची सबब देताना, आपल्याच व्यवसायातील माणसाशी बोलताना, ते तोंडातून गेले. दंतचिकित्सालयातील गोपनीयतेचा भंग आजही बहुतांशी याच वाटेने होतो, आणि म्हणूनच प्रशिक्षणात तिजोरी-कुलपांपेक्षा टेबलावरच्या बोलण्याला अधिक महत्त्व दिले जाते.

माहिती कागदापेक्षा स्मरणात किती टिकते, हे दाखवणारी दुसरी घटना एका दंतपरिचारिकेच्या आयुष्याशी जोडलेली आहे. हिटलरचे दंतवैद्य ह्यूगो ब्लाश्के १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्लिन सोडून गेले. त्यांच्या सहायक केटे हॉइझरमान मागे राहिल्या. मे महिन्यात सोव्हिएत सैन्याला हिटलरच्या चॅन्सेलरीच्या आवारात जळलेले अवशेष मिळाले, आणि त्यातला जबडा कोणाचा हे सांगू शकेल असे माणूस शोधताना ते हॉइझरमान यांच्यापर्यंत पोहोचले. कोणत्या दातावर कोणता मुकुट होता, पूल म्हणजे शेजारच्या दातांना जोडून बसवलेले कृत्रिम दात कोठून कोठवर होते, हे त्यांनी आधी स्मरणातून सांगितले आणि मग जबडा ओळखला. दंततंत्रज्ञ फ्रिट्झ एख्टमान यांनीही त्याला दुजोरा दिला. ओळख पटवून देणाऱ्या या बाईंना बक्षीस मिळाले नाही. हिटलरचा मृत्यू गुप्त ठेवायचा असे मॉस्कोने ठरवले असल्याने साक्षीदारच अडचणीचे झाले; हॉइझरमान यांना सोव्हिएत संघात नेण्यात आले, हिटलरच्या दंतोपचारांत साहाय्य केले हाच गुन्हा ठरवून १९५१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, आणि १९५५ मध्ये त्या सुटल्या. रुग्णाच्या मृत्यूनंतरही गोपनीयतेचे बंधन उरते, आणि ओळख पटवणे वा न्यायदान यांसाठी ते कायदेशीर मार्गाने बाजूला सारता येते, हे आज सर्वमान्य आहे. परंतु सैनिकांच्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या या सहायिकेपुढे ना तिच्या हक्कांची संहिता होती, ना तिच्या कर्तव्यांची. एका खुर्चीशेजारी उभे राहून जे पाहिले ते डोक्यात होते, एवढ्याचीच किंमत तिने दहा वर्षे मोजली, हा या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

त्याच युद्धकाळात ब्रिटनमध्ये दंतपरिचारिका संघटित होऊ लागल्या होत्या. मॅडेलीन विंटर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये लँकशरमधील लेलँड येथे त्यांची संस्था स्थापन झाली, आणि १९४३ पासून राष्ट्रीय परीक्षेची व्यवस्था झाली. मात्र परीक्षा देणे ऐच्छिक होते, आणि त्याच वर्षीच्या परिचारिका कायद्याने ‘परिचारिका’ ही उपाधी संरक्षित केल्यामुळे या स्त्रियांना दीर्घकाळ ‘दंतशल्य सहायक’ म्हणून वावरावे लागले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर कवळ्या आणि दाढांसाठी लोटलेल्या गर्दीची नोंदपत्रके त्यांनीच लिहिली, पण चुकीबद्दल उत्तर देणारा धनी दंतवैद्यच राहिला.

मुलांच्या बाबतीत संमतीचा प्रश्न आणखी निराळा होता, आणि त्याचे उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडते. तेथे १९२१ मध्ये थॉमस हंटर यांच्या योजनेनुसार शालेय दंतपरिचारिकांचे प्रशिक्षण वेलिंग्टनला सुरू झाले. या स्त्रिया दंतवैद्य शेजारी नसताना स्वतः दात भरत आणि काढत. परवानगी पालकांची असे, मुलाला विचारले जात नसे, आणि मुलांनी त्या चिकित्सालयाला ‘खूनघर’ असे नाव ठेवले ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मुलाची समज हीच संमतीची कसोटी मानण्याचा विचार ब्रिटिश लॉर्ड्स सभेच्या १९८५ च्या गिलिक निकालाने रूढ केला. सोळा वर्षांखालील मूल उपचाराचा अर्थ पुरेसा समजू शकत असेल, तर ते स्वतः संमती देऊ शकते, असे त्या निकालाने ठरले. आणि घाबरलेल्या मुलाने उचललेला हात केवळ हट्ट आहे की नकार, हे ओळखण्याचे काम त्यामुळे खुर्चीशेजारच्या व्यक्तीसाठी अधिक गंभीर झाले.

ब्रिटनमधील दंतवैद्यकाला सर्वांत मोठा हादरा १९९० च्या दशकात बसला. एका दंतवैद्याने पैशासाठी निरोगी दातांवर मोठ्या प्रमाणावर अनावश्यक उपचार केले आणि रुग्णांना खरी स्थिती जाणूनबुजून सांगितली नाही. अशा परिस्थितीत मिळालेली संमती ही संमतीच नव्हे, आणि तो उपचार शरीरावरचा हल्ला ठरतो, असा निकाल उच्च न्यायालयाने दिला. याउलट १९९८ च्या दुसऱ्या प्रकरणात, नोंदणी निलंबित झालेली असताना ते लपवून उपचार करणाऱ्या दंतवैद्येची फौजदारी शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केली, कारण फसवणूक त्या व्यक्तीच्या पात्रतेविषयी होती, कृतीच्या स्वरूपाविषयी किंवा व्यक्तीच्या ओळखीविषयी नव्हती. दोन्ही निकालांचा तर्क कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी रुग्णाच्या बाजूने पाहता दुसरा निकाल अपुरा वाटतो. दोन्हीकडे विचार झाला तो दंतवैद्याच्या वर्तनाचा. असे काही घडत असताना शेजारच्या सहायकाने काय करावे, याला तेव्हा कायद्यात उत्तरच नव्हते.

ते उत्तर नोंदणीतून आले. ब्रिटनच्या जनरल डेंटल काउन्सिलने २००६ मध्ये दंतपरिचारिकांसाठी नोंदवही उघडली आणि २००८ पासून नोंदणी सक्तीची झाली. २०१३ च्या आचारसंहितेतील नऊ तत्त्वांपैकी तिसरे वैध संमतीविषयी आणि चौथे रुग्णाच्या माहितीच्या रक्षणाविषयी आहे, आणि ती दंतवैद्यापासून परिचारिकेपर्यंत सर्वांना सारखीच लागू आहेत. उपचार कोणता चालला आहे आणि त्याचा खर्च किती, हेदेखील गोपनीय माहितीत मोडते. रुग्णाला धोका दिसला तर वरिष्ठाविरुद्धही आवाज उठवणे कर्तव्य ठरले, आणि उपचाराच्या वेळी प्रशिक्षित दुसरी व्यक्ती सोबत असावी ही केल्स यांच्या पाटीमागची व्यवस्था संहितेत नियम म्हणून आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने, कोणता धोका सांगायचा हे वैद्याच्या सोयीने नव्हे तर त्या विशिष्ट रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल यावरून ठरेल, असे ठरवले; आणि रुग्ण आपल्याला काय महत्त्वाचे वाटते हे पुष्कळदा दंतवैद्य हातमोजे चढवत असताना परिचारिकेला सांगतो.

भारतात संमतीचा कायदा याच इंग्रजी परंपरेतून आला. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये इंग्रजी आणि अमेरिकी निकाल तपासून, एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्यासाठी वापरता येत नाही, असे स्पष्ट केले. दाढेच्या भरणासाठी बसलेल्या माणसाची दाढ न विचारता काढता येत नाही, हे त्यातून सरळ निघते. परंतु १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवह्या तीनच केल्या : दंतवैद्यांची, दंत-आरोग्यकांची आणि दंततंत्रज्ञांची. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या दवाखान्यांत खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या, रुग्णाचे नाव, वय, मधुमेह आणि कवळीचा खर्च वहीत लिहून ठेवणाऱ्या सहायिकांना त्यांपैकी एकाही वहीत जागा मिळाली नाही.