गिरणीतील स्पर्धा आणि न्यायबुद्धी

सिल्वासाजवळचे नरोली हे गाव 1954 च्या जुलै महिन्यात पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. पुढे त्या परिसरात कृत्रिम धाग्याचे कारखाने उभे राहिले आणि निरनिराळ्या प्रांतांतील माणसे एका छपराखाली राबू लागली. अशा माणसांत सख्य कशाने जुळते आणि तेढ कशाने पडते, हा प्रश्न मात्र नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांनी तो फार पूर्वीच अनुभवला आहे.

त्या काळी गिरणीच्या दाराशी पहाटे बदली कामगारांची गर्दी होई. आत कोणाला घ्यावयाचे, हे मुकादम ठरवी. त्याच्या हातावर दस्तुरी ठेवणारा, त्याच्या गावचा वा नात्याचा, असा मनुष्य आधी आत जाई. साहजिकच शेजारी उभा असलेला कामगार सोबती न वाटता वाटेकरी वाटे.

साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना ते खाते बंद होते. कारण असे सांगत की, कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. विटाळाची ही सबब होती खरी; परंतु तिच्या आडोशाने अधिक मजुरीची जागाही राखली जात होती, हे विसरून चालणार नाही.

1928 साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. दोन साच्यांऐवजी तीन साचे एकाने चालवावेत, या मालकांच्या योजनेने अनेकांच्या पोटावर पाय येणार होता. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारले की, मालकांकडे न्याय मागणारे कामगार आपल्याच बांधवांना साचेखाते खुले का करीत नाहीत? पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुषीनेच यादीत घातली. मालकांनी उलट उत्तर दिले की, हा अन्याय आमचा नव्हे! ते उत्तर सोयीचे होते. कारण गिरणी त्यांचीच होती. तथापि कामगारांना ते झोंबावयास हवे होते. 1929 च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, त्याचे नवल वाटू नये.

1935 साली मुंबईतील गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डे देऊन मुकादमाच्या मर्जीला आळा घालण्याची पद्धत सुरू केली. 7 नोव्हेंबर 1938 रोजी, औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच संपात उभे राहिले. जुना कडवटपणा पुरता विरला नव्हता. तरी समान संकटाने माणसे एकत्र आली.

स्पर्धा सर्वत्र असते आणि ती असावीही. कुशल हाताला अधिक मोल मिळाले, तर कोणी रुसत नाही. मनुष्य दुखावतो तो, दार उघडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो तेव्हा. नरोलीच्या कारखान्यातही एकाच यंत्रापाशी एक कायम व दुसरा कंत्राटी कामगार उभा असेल, तर त्यांच्यातील स्नेह उपदेशाने वाढणार नाही. काम कोणाला व कशासाठी मिळाले, हे दोघांनाही उघडपणे कळले, तरच तो टिकेल.