द्रौपदीच्या थाळीची अट

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. एका ताईंचा मुलगा कोपऱ्यात बसून मोबाईलवर खेळत होता. त्याच्या खेळातल्या योद्ध्याकडे जादूची पिशवी होती. बाहेरून टीचभर, पण आत तलवारी, ढाली, भाकऱ्या, सोन्याची नाणी, सगळं मावायचं. आमच्यातल्या एक आजी डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर द्रौपदीची थाळी!" तिथून विषय निघाला, तोच आज तुम्हाला सांगतो.

थाळीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पांडव वनवासात गेले. बरोबर आलेल्या माणसांना खायला काय घालायचं? युधिष्ठिराने सूर्याची आराधना केली आणि सूर्याने तांब्याचं भांडं दिलं. त्यातलं अन्न कितीही वाढलं तरी संपायचं नाही. पण एक अट होती. द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं भांडं रिकामं. दुर्वास ऋषी शिष्यांना घेऊन आले, ते नेमके ती जेवल्यावर. मग कृष्णाने भांड्याला चिकटलेलं भाजीचं पान खाल्लं आणि वेळ निभावली. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकतो, पण त्या अटीकडे आमचं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

आता खऱ्या भांड्यांकडे येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. घरांजवळ धान्य साठवायचे खड्डे होते, कणग्या ठेवायचे गोल ओटे होते. एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. तिच्यात स्त्रीची मातीची मूर्ती जपून ठेवलेली होती. म्हणजे साठवण आणि बाई यांचं नातं आपल्या मातीत किती जुनं आहे बघा.

पुढे हीच साठवण वाढत गेली. पन्हाळगडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. एकट्या गंगा कोठीत 25 हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. 1660 साली सिद्दी जौहरने वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज सुमारे चार महिने याच गडावर होते. वेढ्यात गड नुसत्या तलवारीवर टिकत नाही, कोठारावर टिकतो.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तर प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. तोंड बंद केलं की आत हवा नाही, आणि हवा नाही म्हणून कीड नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही गुदमरणार. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण म्हणतो, तो शब्द इथलाच.

आणि आपल्या घरातली कणगी? तुरीच्या काड्या किंवा बांबूच्या कांब्या विणायच्या, शेणामातीने आतून-बाहेरून लिंपायची, धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. पुन्हा दरवर्षी लिंपण. धान्य टिकायचं ते या कामामुळे, आणि लिंपणारे हात बहुतेक बाईचेच. उतरंडीच्या खालच्या गाडग्यात चार पैसे लपवून ठेवायचे तेही तिनेच. बचतगटाच्या कितीतरी आधीची ती आपली बँक. 1992 साली नाबार्डने बचतगट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा ते गाडगं उजेडात आलं एवढंच.

मैत्रिणींनो, कणगी गेली, पत्र्याची कोठी आली, गाडग्याच्या जागी पासबुक आलं. थाळीची अट मात्र आहे तिथेच आहे. त्याच बैठकीत आमची एक ताई चक्कर येऊन खाली बसली. विचारलं तर सकाळपासून नुसता चहा. घरातल्या सगळ्यांचं झालं, हिच्यापुरतं उरलंच नाही, आणि परत करायला वेळ नव्हता. तिच्या घरी कोठी भरलेली होती. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यातली ती एक.

आम्ही त्या दिवशी ठराव केला. भाकरी थापतानाच आपल्या वाटणीची बाजूला काढायची, भाजीसह झाकून ठेवायची. जमेल त्या घरी रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं. आता दर बैठकीत हप्त्याच्या आधी विचारतो, "आज कोण जेवून आलं?" सगळ्या हात वर करत नाहीत. एका सासूबाईंनी "नवीन थेरं" म्हणून नाक मुरडलं. दुसऱ्या सासूबाई मात्र आता स्वतःच सुनेचं ताट झाकून ठेवतात.

द्रौपदीला ती अट देवाने घातली होती. आपल्याला कुणी घातली, हे आज रात्री चुलीपाशी बसून जरा आठवून बघा. आणि आधी जेवा.