सोडून जाण्याचा भाव

मी मोबाइल कंपन्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात ग्राहकाच्या नोंदीत एक रकाना असतो: करार मुदतीआधी मोडला तर किती पैसे घ्यायचे? अमेरिकेत तो वर्षानुवर्षं भरलेला असायचा. भारतात बहुतेकांच्या नावापुढे तो रिकामा असतो. तो रिकामा का, हे शोधत गेलो तर वाट आमच्या नंदुरबारच्या शेतांतून गेली.

आधी अमेरिकेचा हिशेब बघू. कंपनी महागडा फोन स्वस्तात द्यायची आणि त्याबदल्यात तुम्हाला दोन वर्षं बांधून ठेवायची. नोव्हेंबर 2009 मध्ये व्हेरायझनने स्मार्टफोनच्या करारावर 350 डॉलरचा दंड लावला. प्रत्येक पूर्ण महिन्यामागे त्यातले 10 डॉलर कमी व्हायचे. म्हणजे 24 महिन्यांच्या करारातले 23 महिने इमानदारीत पैसे भरून तुम्ही निघालात, तरी 120 डॉलर द्यायचेच. तोवर फोनवरची सवलत जवळजवळ वसूल झालेली असणार. मग हे पैसे कशाचे? माझ्या मते, ग्राहकाला जाऊ न देण्याचे.

खानदेशात ही रचना ओळखायला कुणाला इंजिनिअरिंग करावं लागत नाही. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. माझे आजोबा शहाद्याजवळ अनेक वर्षं सालाने राहिले. साल ठरताना मालक उचल द्यायचा. घरातलं लग्न, आजारपण, पावसाळ्याचं धान्य त्यातून निघायचं. साल मधेच सोडायचं तर उचल परत करा. आणि ती तर कधीच खर्च झालेली! स्वस्तात मिळालेला फोन आणि हातात आलेली उचल, दोन्ही आधी मिळतात. सोडून जायची किंमत नंतर कळते.

ही किंमत इंग्रजांनी कायद्यातही घातली होती. 1859 च्या तेराव्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला मॅजिस्ट्रेट मालकाच्या मर्जीप्रमाणे हुकूम द्यायचा: पैसे परत कर किंवा काम पूर्ण कर. हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडलं. गंमत म्हणजे सर्वसाधारण करारांसाठी 1872 चा करार कायदा आला, तो बराच समंजस होता. त्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी समोरच्याला मिळेल ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. व्यापाऱ्याने करार मोडला तर भरपाईचा हिशेब व्हायचा, मजुराने मोडला तर तुरुंग.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला). शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते उभे राहिले, 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली आणि सालदारांची मजुरी व आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी हे प्रश्न रस्त्यावर आले. 1976 मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेठबिगारीला बांधणारं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली गेली. माणूस मोकळा करायचा तर त्याच्या उचलीचा हिशेब मिटवावा लागतो, हे कायद्याने मान्य केलं.

आता मोबाइलकडे येऊ. भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 ला झाला. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 501 रुपयांत फोन हातात दिला, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. ही सरळसरळ उचल होती. अनेकांनी पुढची बिलं भरलीच नाहीत आणि कंपनीला बरीच थकबाकी बुडीत खाती टाकावी लागली. दुसरीकडे प्रीपेड वाढत गेलं. प्रीपेडमध्ये उचल उलटी होते: पैसे आधी आपण देतो, सेवा कंपनी नंतर देते. कंपनीचं आपल्याकडे काही अडकलेलं नसतं, म्हणून धरून ठेवायला तिच्याकडे काही उरत नाही. आज भारतातले 90 टक्क्यांहून अधिक मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत. त्या रिकाम्या रकान्याचं कारण हे.

एक दोरी मात्र उरली होती, ती नंबरची. कंपनी बदलली की नंबर जायचा. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा शुल्क होतं जास्तीत जास्त 19 रुपये. तरी राज्याची वेस आडवी येत होती. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, पण महाराष्ट्राचा नंबर गुजरातच्या सर्कलमध्ये नेता येत नव्हता. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात ही छोटी अडचण नव्हे. 3 जुलै 2015 ला तीही गेली.

पण उचल नव्या रूपात परत येत राहते. 2017 मध्ये जिओफोन 1500 रुपयांच्या अनामत रकमेवर मिळाला, तीन वर्षांनी परतीच्या बोलीवर. पहिल्या वर्षातच फोन परत केला, तर 1500 रुपये आणि वर कर भरायची अट होती. आणि आता ईएमआयवर घेतलेल्या फोनचा हप्ता चुकला की फोनच लॉक करणारी ॲप्स निघाली आहेत. सालदाराला निदान शेताबाहेर पळून जाता यायचं.

म्हणून निघायचं असेल तर काही गोष्टी माहीत असू द्या. 1900 वर पोर्ट लिहून पुढे नंबर टाकून एसएमएस केला की कोड येतो. त्याच कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. पोस्टपेड असेल तर थकलेलं बिल आधी भरा. करारात बाहेर पडण्याची अट लिहिलेली असेल आणि ती पाळली नसेल, तर कंपनी पोर्टिंग नाकारू शकते. म्हणून ते पान वाचा आणि दंडाचा हिशेब लेखी मागा. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ठरतो. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, मग तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे; टेलिकॉमचे ग्राहक तिथे जाऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं.

आजोबांच्या पिढीला यातलं काहीच हाताशी नव्हतं. साल कितीला ठरलं हे सगळ्यांना माहीत असायचं. मधेच सोडलं तर काय, हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे, तर सही करण्याआधी, अंगठा टेकवण्याआधी, 'मान्य आहे'वर बोट ठेवण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.