उंदीर, कावळा आणि वटवाघूळ

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका वटवाघळाचा नमुना चोवीस वर्षं भलत्याच नावाने पडून होता. अँगस हटन या हौशी निसर्ग अभ्यासक मळेवाल्याने तो 1948 मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत मिळवला होता. चिठ्ठीवर नाव होतं आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाचं, म्हणजे गावोगावच्या बागांत दिसणाऱ्या साध्या जातीचं. थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी तो तपासला, तर या प्राण्याला शेपूटच नाही! दातही निराळे, रुंद. 1972 मध्ये त्यांनी त्याचं नवं नाव जाहीर केलं: लॅटिडेन्स सालिमअली. मान अर्थातच पक्षितज्ज्ञ सालिम अलींना.

योगायोग असा, की त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्यात फळखाऊ वटवाघळं पाचव्या अनुसूचीत गेली. तिथे शेजारी कोण? कावळा, उंदीर, घुशी. उपद्रवी म्हणून नोंद झाली की मारायला परवाना लागत नसे. अनुसूचीने जातीजातींत भेदही केला नव्हता, त्यामुळे ज्याचा जगात एकच नमुना ठाऊक होता तो प्राणीही कायद्याच्या लेखी घुशीच्या पंगतीला बसला. 1993 मध्ये तो पुन्हा जिवंत सापडला. पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण त्याला त्याहूनही उशिरा मिळालं.

बागायतदारांची तक्रार खोटी होती असं नाही. पिकलेल्या पेरू-चिकूवर, द्राक्षांच्या घडांवर वटवाघळं येतात, आणि ज्याच्या घरात त्या पैशावर वर्ष निघतं त्याला परागीभवनाचं महत्त्व सांगून काय उपयोग? पण कायद्याने हिशेबाची एकच बाजू मांडली. मोहाच्या फुलांचं परागीभवन करणारी, वड-उंबराच्या बिया दूरवर टाकणारी हीच मंडळी. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. उंदरासारखी भरपाई तिला जमत नाही.

गावांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. मदुराईजवळच्या पुलियांगुलममध्ये वडावरच्या वटवाघळांसाठी लोक फटाके वाजवत नाहीत. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या सरसईत त्यांची पूजा होते.

शहरांत गाठ पडते ती संक्रांतीनंतर. नायलॉनचा मांजा झाडांत अडकून राहतो आणि रात्री निघालेलं वटवाघूळ त्यात गुरफटतं. पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली पातळ कातडी. ती फाटली तर बरेचदा भरून येते, बोटाचं हाड मोडलं तर अवघड. आईपासून सुटलेलं पिल्लू फडक्यात गुंडाळून ऊब द्यायची, ड्रॉपरने थेंब थेंब दूध पाजायचं आणि झोपायला कापडाला उलटं लटकू द्यायचं. हातमोजे हवेतच; घाबरलेला प्राणी चावतो आणि चाव्यातून रोग येऊ शकतो.

रोगाची भीतीही निराधार नाही. 2018 मध्ये केरळात निपाह विषाणूने माणसं दगावली. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांमध्येही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या खुणा सापडल्या. म्हणून गुहा पेटवणं हा उपाय ठरत नाही. वटवाघळांनी उष्टावलेलं फळ न खाणं आणि त्यांच्या वसाहतीत न शिरणं एवढं पुष्कळ आहे.

2022 च्या दुरुस्तीने उपद्रवींची ती यादीच काढून टाकली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली. पण वटवाघळांच्या वसाहतीचा वड रस्तारुंदीकरणात आला, तर महाराष्ट्रातल्या शहरांत त्याची फाइल 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणापुढे जाते.