दोन १२ मे आणि मामांच्या दुकानातली वही

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या जूनची गोष्ट. पारनेर तालुक्यात माझ्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. पाऊस पडून वापसा झाला की मूग-बाजरीच्या बियाण्याला अशी झुंबड उडते की दुकानात उभं राहायला जागा नसते. अशाच एका सकाळी मामांचा फोन आला.

"अरे, दोन्ही काउंटरवरची वही उघडंना."

वही म्हणजे अकाउंटिंग सॉफ्टवेअर. मामांच्या तोंडात अजून वहीच आहे. दुकानात तीन कॉम्प्युटर. सगळा हिशोब आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. काउंटरवरचा आणि गोदामातला, हे दोन त्याच फोल्डरला लॅनने जोडलेले. आदल्या रात्री या दोघांना अपडेट आलं होतं. सकाळी स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज, ज्याचा अर्थ असा की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटलेल्या पाहुण्याला या फोल्डरमध्ये प्रवेश नाही.

"कुठली संस्था? कुठलं धोरण?" मामा तापले. "दुकान माझं, कॉम्प्युटर माझे, आन् पाव्हणा मीच?"

मी सुट्टीवर गावीच होतो, गाडी काढून गेलो. काउंटरपुढे एक म्हातारे शेतकरी उभे होते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मामा त्यांना म्हणाले, "तात्या, मागची बाकी बघितल्याशिवाय नवीन उधारी कशी लिहू? वही उघडू द्या." तात्या शांतपणे म्हणाले, "मागची बाकी मी मे महिन्यातच दिली की. पावती हाय माझ्याकडं." आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली.

ही पिशवी लक्षात ठेवा. आता आपण दीडशे वर्षं मागं जाणार आहोत.

पहिला १२ मे

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे एकच गोष्ट मागितली: हिशोबाच्या वह्या आणि कर्जखतं. मिळाली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी सावकारांची घरंही पेटवली. पण जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले तिथं बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावरच थांबलं. लोकांचा राग कागदावर होता.

ही आग पुण्यातून आपल्या नगर जिल्ह्यात आली. (आता अधिकृत नाव अहिल्यानगर, पण तोंडात नगर बसलंय ते बसलंय.) पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांत तेच घडलं. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मामा खतं विकतात आणि त्याच तालुक्यात एकेकाळी लोकांनी खतं जाळली होती, फक्त ती खतं वेगळी होती!

आता, कागदावर एवढा राग का? अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देत होते. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मिळणं बंद झालं, आणि त्याच काळात सरकारनं शेतसारा वाढवला. हे सगळं खरं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: १८५९ चा मुदतीचा कायदा.

या कायद्यानं सांगितलं की कर्जखत फक्त तीन वर्षं चालेल. हेतू चांगला होता, की व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. पण झालं काय? दर तीन वर्षांनी सावकार नवीन खत लिहून घ्यायला लागला. जुनी थकलेली रक्कम अधिक व्याज, हे सगळं नव्या खतात मुद्दल म्हणून चढायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्यांनी नंतर चौकशी आयोगापुढं तक्रार केली ती अशी: पैसे फेडले तरी पावती देत नाहीत, खतात खोटे आकडे घालतात. आयोगाचा अहवाल १८७८ ला ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे असं दिसतं: वरून संरक्षणासाठी अपडेट आलं, पण खाली ज्याच्या हातात वही होती त्यानंच ते आपल्या सोयीनं वापरलं. शेतकऱ्याला ना वही बघता येत होती, ना वाचता येत होती. त्याला ती फक्त जाळता येत होती.

१८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात शेतकऱ्याला तीन साधे हक्क मिळाले: पैसे दिले की लेखी पावती, वर्षाचा हिशोब, आणि मागितलं तर पासबुक. म्हणजे वहीची एक नक्कल आपल्या हातात. पुढं सहकार आला. १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ३२ तर सभासदाला संस्थेची कागदपत्रं फुकट पाहायचा हक्क देतं. एकाच्या घरात असलेली वही हळूहळू चारचौघांत आली.

दुसरा १२ मे

मग वही कॉम्प्युटरवर गेली. १९८६ ला बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना धंद्यासाठी सॉफ्टवेअर हवं होतं, ते त्यांच्या मुलानं, भरत गोएंकांनी लिहिलं. त्यातून टॅली आलं. वही एकाच वेळी चार टेबलांवर उघडायची तर फोल्डर नेटवर्कवर शेअर करावा लागतो, आणि विंडोजमध्ये हे काम एसएमबी नावाची भाषा करते. ती मुळात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. एका ऑफिसातले सगळे एकमेकांना ओळखतात, असं गृहीत धरायचा तो काळ. दाराला कुलूप नाही, शेजारी या आणि बसा.

१२ मे २०१७, शुक्रवार. सुप्याला बरोबर १४२ वर्षं झाली त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर सुटला. तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका भोकातून आत शिरायचा, एका कॉम्प्युटरमधून शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप जायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागायचा. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले, ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलं ठप्प झाली. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले.

तारीख जुळली हा योगायोग, त्याच्यात काही गूढ शोधू नका. पण दोन्हीकडं पणाला लागली होती वहीच. १८७५ ला ती एकाच माणसाच्या कपाटात बंद होती. २०१७ ला तिला दारच नव्हतं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं एकेक दार बंद करायला घेतलं. २०१७ च्या शेवटच्या महिन्यांत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या कॉम्प्युटरवर जुनं एसएमबी येईनासं झालं. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ ची आवृत्ती आली, तिच्या प्रो प्रकारात बिनपासवर्डच्या पाहुण्याला प्रवेश बंद झाला आणि प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली. पाहुण्याला सही करताच येत नाही, कारण त्याला नावच नसतं.

परत दुकानात

आता कबुली. दुकानातली ती जोडणी २०१८ ला मीच केली होती. तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, घरात मोठा एक्सपर्ट! फोल्डर शेअर करताना 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' टिक केलं, पासवर्ड बंद केला, चहा प्यायलो आणि निघालो. सात वर्षं कुणाची काही तक्रार नाही.

मामांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला होता. तो म्हणाला, फायरवॉल बंद करा, पाहुण्याची जुनी सेटिंग परत चालू करा, पाच मिनिटांचं काम. आणि ते खरंच पाच मिनिटांचं होतं. रांग वाढत होती. माझा हात माउसवर गेला होता, खोटं कशाला बोलू.

पण म्हटलं, मामा, एक तास द्या. मग हे क्रमानं केलं, तुमच्याकडं अडलं तर तुम्हीही करा.

पहिलं, सगळीकडचं सॉफ्टवेअर बंद आणि डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. दुसरं, तिन्हीकडं सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच आहे ना ते पाहिलं, कारण एका ठिकाणी नवी आवृत्ती आली की कधीकधी डेटाचा साचा बदलतो आणि जुनीला तो उघडत नाही. तिसरं, नेटवर्क 'पब्लिक' झालं असेल तर 'प्रायव्हेट' केलं, आणि मुख्य कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बदलला नाही ना ते तपासलं. चौथं, आणि खरं काम हेच: मुख्य कॉम्प्युटरवर काउंटर आणि गोदाम अशी दोन वेगळी नावं, वेगळे पासवर्ड. फोल्डरवरून 'एव्हरीवन' काढलं, या दोघांनाच बदल करायची परवानगी दिली, शेअरिंगच्या टॅबमध्येही आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्येही. बरेच जण इथं एकच टॅब बघतात आणि अडकतात. शेवटी दोन्ही कॉम्प्युटरवर ते नाव-पासवर्ड साठवून ठेवलं. सॉफ्टवेअरच्या आतसुद्धा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं.

अकराच्या सुमारास वही उघडली. मामांनी तात्यांचं खातं काढलं. बाकी तशीच दिसत होती. मे महिन्यातली जमा नव्हती.

तात्यांनी पिशवीतून पावती काढून काउंटरवर ठेवली. दुकानाचीच पावती, दुकानाचाच शिक्का. शोधलं तेव्हा ती रक्कम त्याच आडनावाच्या दुसऱ्या खात्यात जमा सापडली. कुणी चढवली? सांगता येईना. सात वर्षं तिन्ही कॉम्प्युटरवर सगळे एकाच नावानं काम करत होते, ते मी ठेवलेल्या सेटिंगमुळं. मामांनी नोंद दुरुस्त केली, तात्यांना हात जोडले, बियाणं दिलं. तात्या एवढंच म्हणाले, "पावती नसती तर?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी अकाउंटिंग सॉफ्टवेअर सक्तीची झाली आहेत ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मामांचं दुकान कंपनी नाही, त्यांना तो नियम लागू नाही. पण तात्यांना तो लागू असायला हवा होता, असं मला त्या दिवशी वाटलं.

१८७५ च्या लोकांना वही बघायला मिळाली नाही. आपण ती इतकी उघडी टाकली की कुणाचा हात लागला तेच कळेना. ज्याचा हिशोब त्यात आहे त्याला वही दिसली पाहिजे, आणि लिहिणाऱ्याचं नाव त्यात उमटलं पाहिजे. पासवर्ड ही कटकट आहे, मान्य. पण ती कटकट तात्यांसाठी आहे.

तर मंडळी, आज घरच्या दुकानात जाऊन बघा, फोल्डरवर 'एव्हरीवन' लिहिलंय का. आणि बॅकअप घ्या, आजच. भेटू पुढच्या भागात.