चार काउंटर, एक सही

पीककर्जाच्या दिवसांत आमच्या नरडाण्याच्या शाखेत गर्दी उसळली, तेव्हा वरून हुकूम आला, "काउंटर वाढवा." एकाची चार केली. रांग जागची हलेना! शेवटी शिपाई म्हणाला, "पन भाऊ, सही करनारा ते एकलाच शे ना!"

मी पडलो बी.कॉम. पण नेमका हाच मुद्दा जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडून नाव कमावलं, हे कळल्यापासून मी त्या शिपायाला अहो-जाहो करतो. शंभरातलं दहा भाग काम एकट्यानेच करायचं असेल, तर हजार माणसं लावली तरी वेग दहापटीपुढे जात नाही.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. हारतुरे अर्थात यंत्राच्या गळ्यात पडले. पण शास्त्रज्ञांच्या कपाटांतले फोर्ट्रानमधले जुने प्रोग्राम होते 'एक कारकून, एक लेजर' या समजुतीने लिहिलेले. आणि इथे तर ट्रान्सप्यूटर नावाचे चौसष्ट कारकून! प्रत्येकाचं लेजर निराळं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायला चारच तारा. दुसऱ्याकडचा आकडा हवा तर निरोप धाडा आणि उत्तराची वाट बघत बसा. म्हणजे सगळा प्रोग्राम उसवायचा, आणि कोणी काय करायचं, कोणाला कधी कळवायचं, हे नव्याने लिहायचं. या शिंपीकामाला हार कोण घालणार?

नव्वदच्या दशकात दिल्लीच्या हवामान केंद्राचा टी-८० हा प्रोग्राम देशी समांतर यंत्रांवर बसवायला घेतला, तेव्हा तर कहरच. पृथ्वीचे पट्टे वाटून दिले तरी त्या पद्धतीत बेरजेला सगळ्यांचे आकडे सगळ्यांना लागतात. नरडाण्याच्या पावसासाठी ब्राझीलच्या वाऱ्याची चौकशी!

आणि ताळेबंद? यंत्र अपूर्णांक कुठेतरी तोडतं. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा आकडा बदलतो, आणि हवामान असं खोडकर की तेवढा फरक काही दिवसांत फुगून बसतो. मग प्रोग्राम बसवताना चूक झाली की नुसता क्रम बदलला, हे ओळखायचं कसं? पहिल्या काही पावलांचेच आकडे ताडून बघायचे. पुढचे जुळायचेच नाहीत.

"दोन उत्तरं वेगळी, तरी दोन्ही बरोबर," असं मी आमच्या रोखपालांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं बंडल घेतलं आणि पहिल्या नोटेपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.